नंदकाकांचा बिनमिरचीचा हंडा

मित्रांनो, आधी माझ्याकडे बघून पोटभर हसून घ्या. ढेरी सुटलेली, पाय तीन, त्यातला एक आखूड, आणि रंग इतका काळा की पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे कळू नये. झाले हसून? आता ऐका. मी बिडाचा एक जुना हंडा आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. माझे वजन इतके आहे की एकट्यादुकट्याने मला उचलायला जाऊ नये, कंबर धरते.

माझा जन्म कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतला गेला आणि मी निवत निवत आकाराला आलो. साचा फोडताना कुणीतरी घाई केली, म्हणून माझा एक पाय आखूड राहिला. तेव्हापासून मला टेकू लागतो. तरुणपणी मी लाकूडतोड्यांच्या तळांवर होतो. वाटाण्याचे दाट सूप माझ्यात शिजायचे आणि बर्फातून दमून आलेली माणसे माझ्याभोवती हात शेकत उभी राहायची. ते दिवस मोठ्या मानाचे होते.

पुढे घरोघरी शेगड्या आल्या आणि मला कुणी विचारेनासे झाले. फिरत फिरत मी ओटावा शहराच्या पश्चिमेला, कनाटा नावाच्या वस्तीत एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात पोचलो. त्यांनी माझ्या पोटात माती भरली आणि त्यात जेरेनियम लावले. एवढ्या माणसांना जेवू घातलेला मी, आणि माझी कुंडी झाली! फुले छान होती, नाही असे नाही. पण गंजाने माझे अंग पोखरून निघत होते.

रोज संध्याकाळी त्या रस्त्याने एक गृहस्थ फिरायला जायचे. अंगाने बेताचे, आवाजाने दणदणीत. हेच आमचे नंदकुमारकाका. मूळचे नागपूरचे, इथे एका टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर. ते माझ्यापाशी थांबायचे आणि बोटाने टकटक वाजवून बघायचे. एके दिवशी धीर करून त्यांनी बाईंना विचारले, जेरेनियम दुसऱ्या कुंडीत नीट लावून दिले आणि मला घरी आणले. तारेच्या ब्रशने घासून त्यांनी माझा गंज काढला. मग जवसाचे तेल चोपडून मला थेट स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवले. बिडाला असेच मुरवावे लागते. पण घरभर धूर झाला आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलू लागला. त्यांच्या पत्नी प्रभाकाकू धावत आल्या.

"घरात एक तर हा हंडा राहील, नाहीतर मी!" त्या म्हणाल्या.

अशी माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली, विंटर टायर्सच्या शेजारी.

नंदकाकांनी मला आणले ते छावणीसाठी. छावणी म्हणजे काय ते सांगतो. त्यांच्या ऑफिसात ल्यूक नावाचा मित्र होता. तो आणि त्याच्यासारखी बरीच माणसे सोमवार ते शुक्रवार नोकरी करतात आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी साडेसहाशे वर्षे मागे जातात. शेतात तंबू ठोकतात, हाताने शिवलेले झगे घालतात, चिलखते चढवून एकमेकांना लाकडी तलवारींनी बदडतात आणि नंतर गळ्यात गळे घालतात. कुणाचे काही बिघडत नाही. या छावणीला स्वयंपाकी हवा होता आणि नंदकाकांना माणसांना जेवू घालण्याची भारी हौस.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. नंदकाकांनी हौसेने बटाट्याच्या रश्श्याची तयारी मांडली. टोमॅटो, हिरव्या मिरच्या, सगळा सरंजाम. तेवढ्यात हेदरबाई येऊन उभ्या राहिल्या. हेदरबाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, छावणीच्या नियमांच्या रखवालदार. त्या बोलतात इंग्रजीत, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"हे चौदावं शतक आहे, नंदा. बटाटा, टोमॅटो आणि मिरची अजून समुद्रापलीकडे आहेत."

"पण आपण समुद्रापलीकडेच उभे आहोत की!" नंदकाका म्हणाले.

"आपण युरोपात आहोत असं समजायचं आहे," हेदरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

रस्सा बारगळला. दुसरा कुणी असता तर रागावून घरी गेला असता. नंदकाका मात्र पुढच्या शनिवारी बेसन, हिंग, आले, लसूण आणि काळे मिरे घेऊन हजर झाले. चौल बंदरातून मसाले घेऊन आलेला व्यापारी, असे सोंगही त्यांनी ठरवले होते. डोक्याला फेटा, कमरेला मिऱ्यांची थैली. त्यांनी माझ्यात मिरीचे पिठले रटरटवले. हेदरबाईंनी नियमाप्रमाणे एक घास चाखला. मग वाडगा पुढे केला. मग पुन्हा केला. त्या दिवसापासून नंदकाका छावणीचे 'मास्टर नंदा' झाले आणि माझ्या पोटात मिरची कधी पडली नाही.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला त्या वर्षांबद्दल! डास चावायचे, वाऱ्याने तंबू उडायचे, पण माझ्याखालचा जाळ विझला नाही. धारातीर्थी पडलेले योद्धे जेवणाची हाक आली की टुणकन उठायचे. नंदकाका ढवळता ढवळता गोष्टी सांगायचे. एकदा छावणीतल्या कुणाचे तरी वडील वारले होते, तेव्हा ते सगळ्यांना म्हणाले, "आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भात आणून देतात. घरच्यांना रांधायचं सुचत नसतं, आणि न जेवूनही भागत नाही."

"पिठलंच का?" हेदरबाईंनी विचारले.

"ते पटकन होतं. आणि त्यात कौतुक नसतं."

ती गोष्ट हेदरबाईंच्या मनात राहिली.

प्रभाकाकू मात्र छावणीला एकदाही आल्या नाहीत. गॅरेजमधून मला त्यांचे बोलणे ऐकू यायचे. नंदकाका मला गाडीत चढवायला लागले की त्या दारात उभ्या राहायच्या.

"अगं, चल तर एकदा," काका म्हणायचे. "पूर्वी आपल्याकडेही मिरची नव्हती. आपले पूर्वज मिऱ्यावरच जगले."

"म्हणूनच वारले बिचारे." आणि मग जरा थांबून, "उन्हाळा इथे असतो तरी केवढा हो? चार महिने. तोसुद्धा त्या नाटकवाल्यांना द्यायचा?"

काका हसण्यावारी न्यायचे. पण त्या दारात तशाच उभ्या राहायच्या, गाडी वळेपर्यंत. मला ते दिसायचे.

या फेब्रुवारीत एका सकाळी नंदकाका ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे गॅरेजपुढच्या वाटेवरचा बर्फ काढायला बाहेर पडले. गॅरेजचे दार वर गेले, त्यांनी कोपऱ्यातले फावडे घेतले आणि मला सवयीने एक टिचकी मारली. बर्फ खूप पडला होता. थोडा वेळ फावड्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मला वाटले, शेजाऱ्यांशी गप्पा मारत असतील. त्यांना ती खोडच होती. नंतर प्रभाकाकूंची किंकाळी ऐकू आली, मग ॲम्ब्युलन्स आली आणि गेली. गॅरेजचे दार बंद करायचे कुणाला सुचले नाही. दिवसभर वाऱ्याने बर्फ आत येत राहिला आणि माझ्या काठावर साचत राहिला. नंदकाका परत आले नाहीत. हृदय बंद पडले होते.

इथे अंत्यविधीची वेळ मिळायला काही दिवस जातात. तोवर घर थांबलेले असते. क्वेबेकमधल्या लव्हालहून त्यांची लेक यामिनी आली. मराठी मंडळातले विलासराव आणि त्यांच्या पत्नी सीमाताई रोज डबे आणून देत होते. ते डबे जसेच्या तसे गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये येत होते, म्हणून मला कळले की प्रभाकाकू जेवत नाहीत. रडतही नव्हत्या. एके दुपारी यामिनी डबे ठेवायला आली आणि काकू तिच्या मागे आल्या.

"आई, ल्यूकचा फोन होता. दे ऑल वॉन्ट टू कम. इन देअर कॉस्च्युम्स. बाबांना तसा निरोप द्यायचाय त्यांना."

"नाही."

"साधे कपडे घालून आले तर? सिल तॅ प्ले, आई." तिकडे राहून तिच्या तोंडी 'प्लीज'सुद्धा फ्रेंचमध्ये येते.

"तरी नको. तिथे मला माझ्या नवऱ्याला निरोप द्यायचाय, गॅदरिंग नाही करायचं. त्यांनी सगळे उन्हाळे नेले. हा एक दिवस तरी माझा राहू दे."

यामिनीने डबे फ्रीझरमध्ये ठेवले. मग हळूच म्हणाली, "तू काही खाल्लंस?"

"भूक नाही."

माझा जीव तुटत होता. मला तिकडची माणसे ठाऊक होती. नंदकाका त्यांचे कोण होते हे मी दर उन्हाळ्यात पाहिले होते. आणि काकूंचेही खोटे नव्हते. त्या लोकांना काकांचे शेवटचे दर्शन मिळणार नव्हते आणि काकू उपाशी होत्या. दोन्हीकडचे लोक एकाच माणसासाठी झुरत होते आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नव्हती.

अंत्यविधीच्या दिवशी सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यांत निघून गेले. जाताना यामिनी मागे वळली आणि तिने गॅरेजचे दार उघडे ठेवले. थोड्याच वेळात ल्यूकचा ट्रक आला. मागून हेदरबाई आणि छावणीतली बाकीची माणसे. मी तर त्यांना ओळखलेच नाही! झगे नाहीत, चिलखते नाहीत. साधे जाड पार्का कोट आणि लोकरीच्या टोप्या. त्यांना त्या दिवशी प्रथमच मी एकविसाव्या शतकात पाहत होतो.

ड्राइव्हवे त्या सकाळपासून तसाच होता. अर्धा साफ केलेला, अर्धा भरलेला, आणि मध्येच ढिगात रुतलेले नंदकाकांचे फावडे. त्याला हात लावायचा कुणाचाच धीर झाला नव्हता. हेदरबाईंनी ते उपसून काढले, लोकरी हातमोज्याने दांडा पुसला आणि जिथे काका थांबले होते तिथून पुढे बर्फ ओढायला सुरुवात केली. बाकीच्यांनी आपापली फावडी काढली. कुणी कुणाला काही सांगितले नाही. ड्राइव्हवे रस्त्यापर्यंत स्वच्छ झाला.

मग लोखंडी थाळ्यात जाळ पेटवून त्यांनी मला वर चढवले. आखूड पायाखाली ल्यूकने वीट सरकवली. बेसन आले, हिंग आला, मिरे कुटले गेले. भाताचे पातेले ते घरूनच घेऊन आले होते.

हल्ली इथले अंत्यविधी फोनवरही दिसतात, भारतातल्या नातेवाइकांना बघता यावेत म्हणून. यामिनीने ती लिंक ल्यूकला पाठवली होती. त्याने फोन सरपणाच्या ढिगावर टेकवून ठेवला आणि सगळे माझ्याभोवती गोळा झाले. मलाही दिसले. फुलांत निजलेले नंदकाका दिसले. फेटा नव्हता, त्यामुळे वेगळेच वाटत होते. गुरुजी मंत्र म्हणत होते. हेदरबाईंनी टोपी काढली. हाडे गोठवणाऱ्या त्या थंडीत एकेकाने टोपी काढली आणि सगळे उघड्या डोक्याने उभे राहिले. यामिनी बोलायला उठली आणि तिचा आवाज फुटला, तेवढ्यात गारठ्याने ल्यूकचा फोन बंद पडला.

काळ्या काचेकडे सगळे बघत राहिले. ल्यूक मला ढवळत होता. त्याचे खांदे हलायला लागले. "गुठळ्या होतायत," तो रडत रडत म्हणाला. "नंदा रागावेल." हेदरबाई त्याच्या शेजारी आल्या, त्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दोघे मिळून डाव फिरवू लागली. मित्रांनो, मला अश्रू नाहीत याचे त्या दिवशी वाईट वाटले. मलाही रडायचे होते.

गाड्या परत आल्या. पहिल्या गाडीतून विलासराव घाईघाईने उतरले. त्यांना समोर जाळ, धूर आणि अनोळखी गोऱ्या माणसांची रांग दिसली.

"वहिनी, तुम्ही गाडीतच बसा. मी बोलतो त्यांच्याशी." आणि इंग्रजीत, "धिस इज नॉट द टाइम, प्लीज."

"आम्ही जातो," हेदरबाई म्हणाल्या. "आम्ही तिकडे आलो नाही. पण नंदा म्हणायचा, माणूस गेलेल्या घरात शेजारी पिठलं-भात आणून देतात. म्हणून आलो."

पिठलं हा शब्द त्यांनी मराठीतच उच्चारला, थोडा जाडाभरडा. प्रभाकाकू गाडीतून उतरल्या. त्यांनी साफ झालेल्या ड्राइव्हवेकडे पाहिले. ल्यूकच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिले. कोपऱ्यात उभे करून ठेवलेल्या फावड्याकडे पाहिले. आणि त्या घरात निघून गेल्या. दार लागले.

ल्यूक जाळावर बर्फ टाकायला वाकला. हेदरबाई म्हणाल्या, "थांब. जेवण करून ठेवू. दारात ठेवून जाऊ." सगळे थंडीने पाय आपटत उभे राहिले. आता काय होणार, मला कळेना. स्मशानातून आल्यावर आधी अंघोळ करतात हे त्यांना कुठे ठाऊक? मलाही ते नंतर समजले.

गॅरेजमधले, घरात जाणारे दार उघडले. ओल्या केसांना पंचा गुंडाळून, अंगावर शाल आणि पायात नंदकाकांचे बूट घालून प्रभाकाकू उभ्या होत्या. हातात स्टीलची ताटली. त्या सरळ माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी ताटली पुढे धरली. ल्यूकने भात वाढला, वर पिठले वाढले. काकूंनी उभ्याउभ्याच एक घास घेतला. सगळ्यांचे श्वास थांबले होते. माझाही, म्हणजे माझी वाफसुद्धा जराशी आवरली.

"यात मिरची नाही," काकू म्हणाल्या.

"नाही," हेदरबाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे."

"हे पिठलं नाही, पोटीस आहे! हे गळवावर बांधतात!" काकू मराठीतच ओरडल्या आणि मग इंग्रजीत, "एव्हरी संडे! तुमच्याकडून घरी यायचे आणि याच गॅरेजमध्ये उभं राहून ठेच्याची अख्खी वाटी संपवायचे! म्हणायचे, प्रभा, दोन दिवस जीव जात होता गं!"

मग ल्यूक खदकन हसला. "ही टोल्ड अस ही लव्ज ब्लॅक पेपर!" काकूही हसायला लागल्या. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि इतके दिवस अडलेले रडू एकदम फुटले. यामिनीने त्यांना धरले. हेदरबाईंनी दुसऱ्या बाजूने धरले. काकू आणि हेदरबाई एकमेकींना याआधी कधी भेटल्याही नव्हत्या.

रडू ओसरल्यावर काकू फ्रीझरपाशी गेल्या आणि हिरव्या मिरच्यांची पिशवी घेऊन आल्या. माझ्यावर हात धरून थांबल्या आणि त्यांनी हेदरबाईंकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. हेदरबाईंनी क्षणभर विचार केला. मग सावकाश पाठ फिरवली आणि त्या रस्त्यापलीकडचा बर्फ न्याहाळत उभ्या राहिल्या.

"मला इथून काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

मिरच्या कटाकट मोडून माझ्यात पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा! चांगलीच झोंबली हो. पण झकास वाटले. काकूंनी ताटलीभर पिठले-भात खाल्ला, पुन्हा घेतला, आणि मग सगळ्यांना आत बोलावले. विलासराव स्वतः सगळ्यांचे बूट दारात ओळीने लावत होते.

आता मे महिना आहे आणि या उन्हाळ्यातली पहिली छावणी भरली आहे. प्रभाकाकू आल्या आहेत. सकाळी इथे छोटासा समारंभ होता. ल्यूकने हिवाळाभर बसून मेपलची एक गोल फळी कोरली होती, तिच्यावर 'मास्टर नंदा' अशी अक्षरे. हेदरबाईंनी जाहीर केले की नंदाच्या सन्मानार्थ हा हंडा यापुढे कुणी वापरणार नाही. तो मधल्या तंबूत फळीसह ठेवला जाईल. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला मात्र पुन्हा ती कुंडी आठवली. हा कसला सन्मान!

"मग तुम्ही जेवणार कशात?" प्रभाकाकूंनी विचारले.

काकूंनी पदर खोचला, ल्यूकच्या हातातून ती फळी घेतली आणि माझ्या तोंडावर ठेवून पाहिली. बरोबर बसली. "झाकण चांगलं होईल," त्या म्हणाल्या. "चला, पाणी आणा कुणीतरी."

मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी कढई असेल, खलबत्ता असेल, चहाचे भांडे असेल. ते कपाटात मांडून ठेवू नका. त्याला हळदकुंकू नको, हार नको. त्यात काहीतरी शिजवा आणि ज्यांच्याशी बोलणे राहून गेले आहे त्यांना जेवायला बोलवा. आम्हा भांड्यांची एवढीच मागणी आहे. बरे, पाणी उकळायला लागले आहे, काकू बेसन कालवत आहेत, आणि हेदरबाई झाकण घेऊन माझ्याकडे येत आहेत.